एक टप्पा

विजूताई स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी गेलो' असं म्हणायच्या. इचलकरंजीकडच्या बायका तसं बोलतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी नाशिकची. बदली होऊन जयपूरच्या ऑफिसात रुजू झाले, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक उंच, रुंद खांद्यांची, पिकल्या केसांचा बॉयकट केलेली बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मराठी का तू? मी सरंजामे. डबा नसलास आणला तर चल, मी भाकरी जास्तीचीच आणतो."

भाकरीबरोबर ठेचा होता, आणि तो खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशा त्या समाधानानं हसल्या. विजया सरंजामे देशासाठी बारा-तेरा वर्षं क्रिकेट खेळल्या आहेत, मधल्या फळीत बॅटिंग आणि मध्यमगती बोलिंग, दोन्हीत संघाचा कणा होत्या, ही नोकरीही त्यांना खेळाडू म्हणूनच मिळाली, हे मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या शर्माजींकडून कळलं. त्यांनी स्वतः एवढंच सांगितलं होतं की इथं ज्वारी चांगली मिळत नाही.

आमचं विम्याचं ऑफिस शहराच्या कडेला, झालान्याला होतं, मागच्या खिडकीतून जंगल दिसे. बिबट्याच्या बातम्या पेपरात यायच्या. आम्हाला त्रास होता तो माकडांचा. एकदा एका माकडानं शर्माजींचा डबा उचलून गच्चीच्या कठड्यावर नेला. विजूताईंनी टेबलावरची रिकामी स्टीलची पाण्याची बाटली उचलली, जराही न थांबता फेकली, आणि ती डब्याला लागली. डबा खाली, माकड पसार. "त्यालाच लागली असती तर?" मी विचारलं. "कशी लागंल? मी डब्याला मारली की," त्या म्हणाल्या, आणि शर्माजींच्या सांडलेल्या दालबाटीकडे बघून आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

जुन्या दिवसांच्या गोष्टी त्या झकास सांगत. रिझर्वेशनशिवाय केलेले दोन-दोन दिवसांचे प्रवास, शाळांच्या वर्गांत बाकं जोडून काढलेला मुक्काम, सगळ्या संघात मिळून पॅडचे मोजकेच जोड. "आऊट होऊन आलेली पॅड सोडायची, आणि पुढची ते तसेच घामाचे बांधायची. त्यामुळं आऊट होणारीवर दुप्पट राग." पुरुषांच्या मापाच्या पँटी त्यांची आई हातानं टाचून द्यायची, आणि एकदा परदेशात रन काढताना टाके उसवले, तेव्हा त्या कशा धावल्या हे त्यांनी ऑफिसच्या पॅसेजमध्ये करून दाखवलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो.

फक्त एका गोष्टीबद्दल त्या बोलत नसत, आणि लोक नेमकं तेच विचारत. तो झेल.

बाहेरून कुणी मोठे अधिकारी आले की आमचे मॅनेजर अभिमानानं ओळख करून देत, "ये वही कैच वाली मैडम हैं." पाहुण्या देशाच्या संघाविरुद्धची मालिका, शेवटचा निर्णायक सामना, त्यांना जिंकायला थोड्याच धावा हव्यात, त्यांची कर्णधार जमून खेळतेय. विजूताईंनी बोलिंग टाकली, तिनं सरळ परत मारला, आणि विजूताईंनी स्वतःच्याच बोलिंगवर पुढे झेपावून जमिनीलगत झेल घेतला. डाव कोसळला, मालिका आपण जिंकलो. टीव्ही नव्हताच. एका स्थानिक पेपरच्या फोटोग्राफरनं काढलेला एकच फोटो होता: विजूताई पालथ्या पडलेल्या, कोपरं मातीत, उजव्या हातात वर धरलेला बॉल. जुन्या क्रिकेटबद्दल कुणी काही लिहिलं की तो फोटो येई. मॅनेजर सांगायला लागले की विजूताई हसून "मी येतो जरा" म्हणायच्या आणि निघून जायच्या. मला वाटे, विनय आहे.

त्यांच्या विद्याधर नगरच्या घरात तो फोटो नव्हता. कुठलाच नव्हता. एकदा भाजणी घ्यायला गेले, तेव्हा स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे एक चांदीचा चषक उभा दिसला. वाचला. खिलाडूवृत्तीसाठी मिळालेला होता. पुढे त्यांच्याबरोबर खेळलेल्या एका बाईंकडून कळलं की विजूताईंच्या बॅटला बॉल निसटता लागला तर त्या अंपायरकडे न बघता चालू लागत. एकदा तर अंपायरनं आऊट दिलेल्या बॅट्समनला त्यांनी स्वतः हाक मारून परत बोलावलं होतं. "इतनी सच्ची खिलाड़ी मैंने नहीं देखी," त्या बाई म्हणाल्या होत्या.

"हा इथं का ठेवलाय?" मी चषकाबद्दल विचारलं.

"बाहेर ठेवला तर रोज दिसतो," त्या म्हणाल्या, आणि भाजणीत धने किती घातलेत ते सांगू लागल्या.

दर रविवारी सकाळी त्या मुलींना क्रिकेट शिकवत. माझी ईरा जात असे म्हणून मीही थर्मास घेऊन कडेला बसे. डिसेंबरच्या धुक्यात मुली स्वेटर घालून कुडकुडत उभ्या असत आणि विजूताई कॅनव्हासची पुरुषी टोपी घालून, खिशातले शेंगदाणे खात त्यांच्यामधून फिरत. मराठी मुलगी असो की राजस्थानी, त्यांची भाषा एकच होती, इचलकरंजीची हिंदी. "पहले पाँव, फिर हात, और मुँह सबसे लास्ट में," हे त्यांचं आवडतं वाक्य. पाय जागेवर गेल्याशिवाय हात पुढे करायचे नाहीत, आणि बॉल हातात पक्का बसल्याशिवाय ओरडायचं नाही. चुकलेल्या शॉटबद्दल, सुटलेल्या झेलाबद्दल त्या कधी रागावल्या नाहीत. पण एका बाबतीत त्या अगदी कठोर होत्या. झेल घेतल्यावर मुलीला जराशी जरी शंका असेल, तरी तिनं आपणहून हात हलवून 'नहीं' म्हणायचं. अंपायरनं विचारायची वाट बघायची नाही.

सोना बस्सीहून यायची. आग्रा रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान असलेल्या माणसाची मुलगी, डावखुरी, अंगानं काटकुळी, आणि हातात देवाची देणगी. तिचे वडील तिला मोटारसायकलवर घेऊन यायचे आणि सराव संपेपर्यंत कडुनिंबाखाली उभे राहायचे. विजूताई सोनाचं कौतुक तोंडावर करत नसत, पण ती बोलिंग करत असली की शेंगदाणे खायच्या थांबत.

एका स्पर्धेच्या सामन्यात सोनानं कव्हरला पुढे झेपावून झेल घेतला. अंपायरनं बोट वर केलं. सगळ्या मुली तिच्याकडे धावल्या. विजूताई सीमारेषेबाहेरून चालत थेट मैदानात गेल्या आणि त्यांनी सोनाला विचारलं, "गिरा था?" परत विचारलं. सोनानं मान खाली घातली. विजूताईंनी बॅट्समनला परत बोलावून घेतलं, अंपायरची माफी मागितली, आणि सगळ्यांदेखत सोनाला मैदानाबाहेर काढलं. बदली खेळाडूही आत पाठवली नाही. आमच्या मुली कमी माणसांत खेळल्या आणि हरल्या.

सोनाचे वडील पुढे आले. आवाज चढलेला नव्हता. "मैडमजी, अंपायर ने आउट दिया था. छोरी को अकेले में समझा देते."

विजूताईंचा चेहरा पांढरा पडला होता. इतक्या रागावलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, आणि तो राग त्या मुलीपेक्षा फार मोठा वाटत होता.

पुढच्या रविवारी सोना आली नाही. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी सराव अर्ध्यावर सोडून विजूताई माझ्याकडे आल्या. "तुझी गाडी हाय न्हवं? मला बस्सीला सोडतीस का? स्कूटरवर गुडघा साथ देत नाही आता."

घराच्या पुढे दुकान, मागे दोन खोल्या. सोनाच्या आईनं आम्हाला खाटेवर बसवून ताक दिलं. सोना दारात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. वडील हात पुसत आले, रामराम करून बाजूला उभे राहिले. मला वाटलं, विजूताई मुलीची समजूत काढतील, फार तर माफी मागतील.

"सोना, तूने मेरा वो फोटो देखा है ना? कैच वाला?"

सोनानं मान डोलावली.

"वो कैच नहीं था. एक टप्पा था."

ताकाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. विजूताई मात्र थांबल्या नाहीत. अडखळत, मराठी-हिंदी मिसळत त्यांनी सगळं सांगितलं. बॉल बोटांच्या अगदी पुढ्यात जमिनीला लागला आणि मग हातात आला. अंपायरला त्यांच्याच अंगाआड काही दिसलं नाही. समोरची कर्णधार, जोन तिचं नाव, क्रीजमध्येच उभी होती. आपली सगळी पोरं ओरडत होती. अंपायरचं बोटही वर व्हायच्या आत जोननं विजूताईंना इंग्रजीत विचारलं, नीट घेतलास का? त्या काळी असं विचारायचे, आणि जे उत्तर येईल ते मानायचे.

"और मैंने हाँ बोला," विजूताई म्हणाल्या. "वो बॅट बगल में लेके चली गई. मेरी तरफ देखके, अच्छा कैच, बोलके गई."

बाहेर दुकानात कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं.

"उस दिन तूने जब गर्दन नीचे की, तो मेरे को तू नहीं दिखी. मैं दिखी. इसलिए इतना गुस्सा आया. तेरा गुस्सा नहीं था वो."

सोना त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, अगदी सरळ, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं म्हणून, "तो मैडमजी, आपको किसने बाहर निकाला?"

तिचे वडील "ए छोरी" म्हणून ओरडले. विजूताईंनी हातानं त्यांना थांबवलं. "किसी ने नहीं, बेटा," त्या म्हणाल्या.

परतताना टोलनाका मागे पडला तेव्हा विजूताई म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं मी. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत होतो. मग इचलकरंजीला जीपमधून मिरवणूक काढली गं. आमचे अण्णा मागावर काम करायचे, त्यांच्या कारखान्यातले सगळे आले होते. अण्णा रडत होते. मालकानं त्यांना मिठी मारली, जन्मात पहिल्यांदा. तेव्हा काय सांगू? मग ही नोकरी लागली. त्या झेलावरच लागली. मग जितकं लांबलं तितकं जड होत गेलं. लोक म्हणतात सरंजामे प्रामाणिक. अगं, एकदा खोटं बोललो म्हणून जन्मभर घाबरून खरं वागलो मी. ह्याला प्रामाणिक म्हणत नाहीत."

मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, विजूताई."

"तेच की," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी मुलींच्या क्रिकेटला चांगले दिवस आले होते. टीव्हीवर त्यांचे सामने लागत, ऑफिसातले पुरुष चहाच्या वेळी त्यांचे स्कोअर विचारत. मग सगळ्यांनाच जुन्या खेळाडूंची आठवण झाली. आमच्या जयपूरच्या मराठी मंडळानं गणपतीत विजूताईंचा सत्कार ठरवला. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या लगेच हो म्हणाल्या.

मंडपात स्टेजच्या मागे अख्खी भिंत भरेल एवढा बॅनर होता आणि त्यावर तोच फोटो. मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला गोड. शाल, श्रीफळ झालं. मग विजूताई माईकपुढे उभ्या राहिल्या. नेसायची सवय नसलेली साडी, खांद्यावर शाल, आणि मागे त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याची दहा पट मोठी आकृती.

"मी भाषण करत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगतो. हा मागचा झेल मी घेतलेला नाही. टप्पा पडला होता. मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो."

मग अध्यक्षांनी माईक ओढून घेतला आणि हसत म्हणाले, "मंडळी, आमच्या गल्लीत एक टप्पा आऊटच असतो!"

सगळा मंडप हसला. टाळ्या पडल्या. "याला म्हणतात मोठ्या माणसाचा विनय," अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्या वाढल्या. विजूताई दोन्ही हात वर करून लोकांना थांबवायचा प्रयत्न करत होत्या. मैदानावर 'नहीं' म्हणायला मुलींना शिकवत, अगदी तसेच हात हलवत होत्या. लोकांना वाटलं, त्या अभिवादन करताहेत. शेवटी आरतीची वेळ झाली आणि त्यांच्या हातात तबक देण्यात आलं. त्यांनी आरती केली. प्रसादाच्या रांगेत त्यांच्याबरोबर फोटो काढायला झुंबड उडाली, आणि प्रत्येकाला तो बॅनर मागे यायला हवा होता.

त्या भाषणाची क्लिप कुणीतरी मोबाइलवर घेतली होती. ती फिरत फिरत लखनौला रजनीदीदींपर्यंत पोचली. रजनीदीदी त्या संघाच्या कर्णधार. त्यांचा फोन आला तेव्हा विजूताई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. फोन स्पीकरवर नव्हता, पण रजनीदीदींचा आवाज तसाही ऐकू येत होता.

"विजू, तेरे पास नौकरी थी, नाम था. हम लोगों के पास क्या था? वही एक सीरीज़ थी. मेरी बहू उसी का फोटो सबको दिखाती है. अब मैं घर में क्या बोलूँ?"

विजूताई "दीदी, दीदी" एवढंच म्हणत होत्या.

"इतना भारी था तो उसी दिन मुझे बोल देती. मैं कप्तान थी. मैं उसको वापस बुला लेती. हार जाते तो हार जाते. तूने तब भी मुझे नहीं पूछा, अब भी नहीं पूछा."

फोन ठेवल्यावर विजूताईंनी ताटातला भात संपवला. अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. मग हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर बोलली ती. मी आपलं ओझं उतरवायला गेलो आणि दहाजणींच्या डोक्यावर ठेवलं."

आता जोनला शोधायचं त्यांच्या मनानं घेतलं. ईराला त्यांनी ते काम सांगितलं. ईरा जयपुरातच वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदी. काही दिवसांनी ती विजूताईंना म्हणाली, "मावशी, मतलब, ती नाही सापडली. तिची बेटी सापडली. ती बोलायला तयार आहे, व्हिडिओवर."

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून विजूताई बसल्या. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. पलीकडे एक चाळिशीची, हसऱ्या चेहऱ्याची बाई, केट तिचं नाव, तिच्या स्वयंपाकघरात बसली होती. विजूताईंचं इंग्रजी तुटकं, म्हणून अडलं की ईरा सांगत होती.

जोन काही वर्षांपूर्वीच वारली होती. विजूताईंनी हात जोडले. मग त्यांनी विचारलं, "त्यांना मी आठवत होतो का?"

केट मोठ्यानं हसली. आठवत होतात म्हणजे काय, म्हणाली, आमच्या घरी दर नाताळला ती गोष्ट व्हायची. आम्ही लहान असताना, मग आमच्या मुलांना. आई सांगायची, भारतात मी जिंकत आलेला सामना सोडून चालत आले, अंपायरचं बोटही वर गेलं नव्हतं. मी त्या पोरीला विचारलं आणि तिनं हो म्हटलं, बस. आई म्हणायची, त्या पोरीच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की ही खोटं बोलणार नाही. आम्ही तसे खेळायचो, असं आई सांगायची. आमच्या मुलांनी काही खोटेपणा केला की आजही आम्ही तीच गोष्ट सांगतो.

ईरानं हे सगळं मराठीत सांगायला सुरुवात केली, पण विजूताईंना कळलं होतं. त्यांनी ईराच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं. त्या माझ्याकडे वळल्या. मी मानेनंच नको म्हटलं. सांगू नका. जाऊ द्या.

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि आपल्या तुटक्या इंग्रजीत, एकेक शब्द नीट लावत म्हणाल्या की बॉल जमिनीला लागला होता आणि मी खोटं बोललो होतो.

केटचं हसू हळूहळू गेलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, हे तुम्ही मला आत्ता का सांगताय? मग केट म्हणाली, आई तर नाही. मी हे कुणाला सांगू? तिनं मला जरा वेळ द्या म्हटलं, सभ्यपणे निरोप घेतला आणि पडदा बंद झाला. तिचा पुन्हा फोन आला नाही.

ईरा रडायला लागली. विजूताईंनी तिला जवळ घेतलं. त्यांचे स्वतःचे डोळे कोरडे होते.

"तिला मी दुसऱ्यांदा आऊट केलं," त्या म्हणाल्या. "ह्या बारीला तर ती मैदानात पण नव्हती."

त्यानंतर त्यांनी क्रिकेट संघटनेला फोन करून खिलाडूवृत्तीचा तो चषक परत घ्या म्हणून सांगितलं. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं "मैडम, इतनी पुरानी बात" म्हणून त्यांना चहाला बोलावलं. इंटरनेटवर कुणी शिव्या दिल्या, कुणी संत ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष मला भाजीबाजारात भेटले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "ताईंना आता बोलवायचं म्हणजे जरा पंचाईतच झाली." हळूहळू आमंत्रणं कमी झाली. जी येत, ती विजूताई घेत, आणि प्रत्येक ठिकाणी उभं राहून तेच सांगत. मी एकदा म्हटलं, आता पुरे झालं. त्या म्हणाल्या, "टाळ्या घ्यायला गेलोच होतो की सगळीकडं. आता नको म्हणायला पण सगळीकडं जायला नको?" यात मोकळं झाल्याचा भाव नव्हता. दर वेळी त्यांना तितकीच लाज वाटे. बोलायच्या आधी त्या साडीच्या पदराला तळहात पुसत.

सोना मात्र एका रविवारी परत आली. बूट बांधले, रन-अप मोजला आणि बोलिंग टाकू लागली. विजूताई स्टंपांमागे उभ्या राहिल्या.

माझी नाशिकला बदली झाली. निघायच्या दिवशी बस्सीजवळच्या एका शाळेत विजूताईंचा कार्यक्रम होता. त्यांना तिथं सोडून मी तशीच स्टेशनवर जाणार होते. मैदानात सतरंजी अंथरून मुली बसल्या होत्या, पुढे छोटं स्टेज. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, देश का नाम रोशन करने वाली, वो मशहूर कैच, वगैरे. विजूताई उठल्या आणि त्यांनी सांगितलं. इथं कुणी हसलं नाही. मुलींना कळत नव्हतं की टाळ्या वाजवायच्या की नाही. मुख्याध्यापक हातात शाल घेऊन तसेच उभे राहिले.

पुढच्या ओळीतली एक लहान मुलगी हात वर करून उभी राहिली. वर्गाच्या बाईंनी तिला खाली बसायची खूण केली, पण विजूताई म्हणाल्या, "पूछने दो."

"फिर उन आंटी को सॉरी बोला?"

"बोलने गई थी बेटा," विजूताई म्हणाल्या. "बहुत देर से गई."

मुलीनं मान हलवली आणि ती खाली बसली. मुख्याध्यापक शाल घेऊन पुढे सरकले. विजूताईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, घडी घालून टेबलावर ठेवली, आणि स्टेजवरच्या आपल्या खुर्चीकडे न जाता पायऱ्या उतरून खाली आल्या. पुढचा कार्यक्रम सुरू झाला, कुठल्याशा नाचाचं गाणं लागलं. माझ्या गाडीची वेळ झाली होती. फाटकापाशी वळून बघितलं, तर त्या सतरंजीवर, त्या मुलींच्या ओळीत बसत होत्या, एक हात जमिनीला टेकून, सावकाश. दुखरा गुडघा त्यांना मोडता येईना. तेव्हा ती प्रश्न विचारणारी मुलगी जरा बाजूला सरकली, आणि विजूताईंनी पाय लांब केला.